शस्त्र परवाना, ॲट्रॉसिटीचा नियम ३ आणि आपले आरोग्य : आर्णी तालुक्यातील कार्यकर्त्यांसाठी

कुठे बौद्ध वस्तीवर हल्ला झाल्याची बातमी आली की दोन दिवसांत मोबाइलवर एक मागणी फिरू लागते : स्वसंरक्षणासाठी आम्हालाही बंदुकीचे परवाने द्या. ही मागणी संतापातून येते, पण ती हवेतली नाही. कायद्यात तिला आधार आहे. मात्र त्याच नियमात, तिच्याआधी दोन ओळी वर, आणखी एक तरतूद लिहिलेली आहे आणि ती फारशी कोणी मागत नाही. ती आहे धमकावणाऱ्याच्या हातातली बंदूक काढून घेण्याची.

आम्ही या लेखात तीन गोष्टी मांडणार आहोत. परवाना कोण देतो आणि कोण काढून घेऊ शकतो. शस्त्र सहज मिळू लागले की समाजाच्या आरोग्यावर काय परिणाम होतो. आणि आर्णीसारख्या तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आधी काय मागावे. आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो : वस्तीच्या आसपासची बंदूक कमी करणे ही आपली पहिली मागणी असली पाहिजे, वस्तीत बंदूक आणणे ही नव्हे.

परवाना कोण देतो?

इंग्रजांनी १८५७ च्या उठावानंतर लोकांना निःशस्त्र करण्याचे धोरण धरले आणि १८७८ मध्ये शस्त्र कायदा केला. त्यात युरोपियनांना परवान्यातून सूट होती. एतद्देशीयांमध्ये बंदूक ही सरकारच्या मर्जीतल्या बड्या घरांची खूण झाली. त्याच शतकाच्या अखेरीस 'लढाऊ जाती'च्या सिद्धांताखाली महारांची सैन्यभरतीही बंद पडली. ती पूर्ववत व्हावी म्हणून आपल्या पूर्वजांनी अर्ज-विनंत्या केल्या, बाबासाहेबांनी सरकारदरबारी पाठपुरावा केला आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणून आपल्यासाठी बंदुकीच्या प्रश्नात मानाचाही प्रश्न मिसळलेला आहे. ते नाकारण्याचे कारण नाही.

आजचा कायदा आहे शस्त्र अधिनियम, १९५९, आणि त्याखालचे शस्त्र नियम, २०१६. कायदा केंद्राचा आहे, पण परवाना जिल्ह्यात मिळतो. जिथे पोलीस आयुक्तालय आहे तिथे आयुक्त आणि इतरत्र जिल्हादंडाधिकारी परवाना देतात. आर्णीच्या अर्जदाराचा अर्ज म्हणूनच यवतमाळच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जातो आणि त्यावर पोलिसांचा अहवाल मागवला जातो. लक्षात ठेवण्यासारख्या तरतुदी अशा :

- वय २१ पूर्ण हवे. शारीरिक-मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते.
- २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. आधी ही मर्यादा तीन होती. परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली.
- वरातीत, मिरवणुकीत आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
- पिकाच्या राखणीसाठी भरमार बंदुकीचा परवाना मिळण्याची सोय कायद्यातच आहे. रानडुक्कर आणि रोह्यांनी शेत उद्ध्वस्त केलेला शेतकरी याच वाटेने अर्ज करतो. परंतु परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. वन्यप्राणी मारायचा असेल तर वनविभागाची वेगळी परवानगी लागते.
- कलम १४ सांगते की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. भूमिहीन माणसाला 'तुझ्याकडे राखायला आहे काय?' असे विचारून परत पाठवणे कायद्याला धरून नाही.
- कलम १७ खाली सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटल्यास परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. हे कलम आपण पुढे पुन्हा पाहू.

कायदा एक, पण बंदुका सारख्या नाहीत

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ७० हजार परवाने होते. त्यांपैकी पावणेतेरा लाखांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात होते. महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या धरली तर उत्तर प्रदेशात दर लाख माणसांमागे साधारण ६४० परवाने होतात आणि महाराष्ट्रात ७५. म्हणजे साडेआठ पट फरक. कायदा तोच, अर्जाचा नमुना तोच. फरक पडतो तो तिथला इतिहास, जमीनदारी, गुन्हेगारीची भीती आणि जिल्ह्याच्या कार्यालयात अर्जाकडे कसे पाहिले जाते यामुळे. देशी कट्ट्यासारखी बेकायदा शस्त्रे या आकड्यात येत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

धोरण बदलले की काय होते, याचा सर्वांत जास्त अभ्यास अमेरिकेत झाला आहे, कारण तिथे प्रत्येक राज्याचा बंदूक कायदा वेगळा आहे. कनेक्टिकट राज्याने १९९५ मध्ये पिस्तूल विकत घेण्यापूर्वी परवाना आणि प्रशिक्षण सक्तीचे केले. पुढच्या दहा वर्षांत तिथल्या बंदुकीने होणाऱ्या खुनांचे प्रमाण, कायदा झाला नसता तर जेवढे राहिले असते त्यापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी राहिले, असा संशोधकांचा अंदाज आहे. मिसुरी राज्याने उलटे केले. तिथे असा परवाना जुना होता, तो २००७ मध्ये रद्द झाला. त्यानंतर बंदुकीने होणारे खून सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचे अभ्यासात आढळले. दोन्ही ठिकाणी माणसे तीच होती. बदलली ती दुकानात जाण्याआधीची पायरी.

ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथे एका बंदूकधाऱ्याने ३५ जणांना मारले. त्यानंतर सरकारने स्वयंचलित धाटणीच्या बंदुकांवर कडक निर्बंध आणले आणि लोकांकडून साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या.

घरातली बंदूक कोणाला मारते?

हा प्रश्न आपल्या चर्चेत येतच नाही. आपण बंदुकीकडे फक्त शत्रूच्या दिशेने रोखलेली वस्तू म्हणून पाहतो. आकडे वेगळे सांगतात. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीमुळे सुमारे ४८,८०० माणसे दगावली. त्यांतल्या सुमारे २६,३०० आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त मृत्यू असे की गोळी झाडणारा आणि मरणारा एकच.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. जीव देण्याची ऊर्मी पुष्कळदा थोडा वेळ टिकते. कर्जाचा तगादा, घरातले भांडण, दारू, अपमान, निकाल. तो वेळ टळला तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. म्हणून त्या घटकेला हाताशी काय आहे, यावर जीव अवलंबून असतो. बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांत साधारण नऊ जण मरतात. सावरायला वेळच मिळत नाही.

इस्रायलच्या सैन्यात तरुण सैनिक सुटीच्या दिवशी बंदूक घरी नेत. २००६ मध्ये ती छावणीतच ठेवण्याचा नियम झाला आणि सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. कोणाचे दुःख कमी झाले नव्हते, कोणावर नवा औषधोपचार झाला नव्हता. शस्त्र फक्त दोन दिवस दूर राहिले.

घरातल्या बाईच्या बाजूनेही विचार करावा. नवरा दारू पिऊन मारहाण करतो, त्या घरात परवान्याची बंदूक आली तर ती कोणाच्या संरक्षणासाठी आली? 'वस्तीचे संरक्षण' असे आपण म्हणतो, तेव्हा या बाईला विचारून म्हणतो का?

यवतमाळमध्ये बंदुकीच्या जागी काय आहे?

भारतात बंदुकीने आत्महत्या करणारे एकूण आत्महत्यांच्या एक टक्काही नाहीत. परवाना पद्धत कडक असण्याचा हा एक फायदा आहे. पण याचा अर्थ आपण सुरक्षित आहोत असा नाही. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. देशातल्या आत्महत्यांपैकी साधारण चौथा हिस्सा विष घेऊन झालेल्या. कापूस-सोयाबीनच्या आपल्या पट्ट्यात ते विष म्हणजे बहुतेक वेळा फवारणीचे औषध. बंदुकीला परवाना, पोलीस अहवाल आणि वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. तितकीच जीवघेणी बाटली कृषी केंद्रातून पिशवीत घालून घरी येते आणि ज्वारीच्या कणगीशेजारी ठेवली जाते.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पोचले. त्यांत पाठीवर पंप घेणारे, मजुरीवर जाणारे हात कोणाचे होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. त्या वर्षी राज्य सरकारने यवतमाळसह विदर्भातील पाच जिल्ह्यांत काही कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. मुदत एवढी छोटी का? कीटकनाशक कायदा, १९६८ च्या कलम २७ खाली राज्याला साठ दिवसांची आणि फार तर आणखी तीस दिवसांची बंदी घालता येते. कायमची बंदी केंद्राच्या हातात आहे. मोनोक्रोटोफॉस हे औषध २०१३ मध्ये बिहारमध्ये शाळेच्या जेवणात मिसळले जाऊन २३ मुले मेली होती. त्याच्या ३६ टक्के द्रवरूपावर केंद्राने बंदीचा आदेश काढला तो २०२३ मध्ये.

बंदीने फरक पडतो का? श्रीलंकेचे उदाहरण पाहा. १९९५ च्या सुमारास तिथे दर लाख लोकांमागे ४७ आत्महत्या होत. त्या वर्षी सर्वांत जहाल वर्गातील कीटकनाशके बंद झाली, १९९८ मध्ये एंडोसल्फान बंद झाले आणि दहा वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. विष घेण्याचे प्रयत्न थांबले नाहीत, पण जे विष हाताशी राहिले ते कमी जहाल होते, म्हणून माणसे वाचली. याच देशात आणखी एक प्रयोग झाला. अनुराधपुर भागात हजारो घरांना औषध ठेवण्यासाठी कुलूपबंद पेट्या दिल्या. २०१७ मध्ये निष्कर्ष आला की पेट्यांनी विषबाधा कमी झाली नाही. घराघरांत सावधगिरीचे फलक लावून जे होत नाही, ते बाजारातून विष काढल्याने होते.

बंदूक असो वा बाटली, सूत्र एकच आहे. मारण्याचे साधन किती सहज मिळते हे सरकारचे धोरण ठरवते आणि मृत्यूचे आकडे त्यामागून चालतात.

नियम ३ नेमका काय आहे?

आता मूळ मागणीकडे येऊ. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ खाली १९९५ चे नियम आहेत. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झाल्यामुळे धर्मांतरित बौद्धांना या कायद्याचे संरक्षण आहे. या नियमांतील नियम ३ प्रतिबंधक उपायांचा आहे. अत्याचार घडल्यानंतर नव्हे, घडण्याआधी राज्य सरकारने काय करायचे ते त्यात सांगितले आहे. त्यातील शस्त्रांसंबंधीचा क्रम असा :

१. अत्याचार घडण्याची शक्यता असलेली क्षेत्रे निश्चित करणे आणि जिल्हादंडाधिकारी व पोलीस अधीक्षकांनी तिथे जाऊन आढावा घेणे.

२. आवश्यक वाटल्यास त्या क्षेत्रातील अनुसूचित जाती-जमातींव्यतिरिक्त व्यक्तींचे शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करणे. यात त्या व्यक्तीचे जवळचे नातेवाईक, नोकर आणि कुटुंबाचे मित्रही येतात. बंदूक भावाच्या किंवा गड्याच्या नावावर दाखवून पळवाट काढता येऊ नये, हा त्यामागचा हेतू उघड आहे.

३. बेकायदा शस्त्रे जप्त करणे आणि त्यांची निर्मिती रोखणे.

४. आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना शस्त्र परवाने देणे.

५. त्या क्षेत्रात विशेष पोलीस दल तैनात करणे.

क्रम पाहा. आधी काढून घ्या, मग द्या. हे नियम झाले त्यानंतर दोनच वर्षांनी, १ डिसेंबर १९९७ रोजी, बिहारमधील लक्ष्मणपूर-बाथे येथे रणवीर सेनेने ५८ दलितांना मारले. तिथल्या मजुरांच्या झोपडीत एखादी परवान्याची बंदूक असती तर रात्री चालून आलेल्या टोळीपुढे तिचा किती निभाव लागला असता? टोळीच्या बंदुका आधीच जमा झाल्या असत्या तर मात्र ती रात्र वेगळी झाली असती. त्याच वर्षी ११ जुलैला मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरात दहा जण मेले ते पोलिसांच्या गोळीबारात. त्या बंदुकांवर परवान्याचा कायदा चालत नाही. तिथे लागते ती चौकशी, खटला आणि उत्तरदायित्व.

काही जण म्हणतील, हा दुबळेपणा झाला. आम्हाला तसे वाटत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. संकटात स्वतःचा बचाव करण्याचा हक्क धम्म काढून घेत नाही, कायदाही काढून घेत नाही. ज्या कुटुंबाला खरोखर जिवाची भीती आहे, त्याने परवान्याचा अर्ज जरूर करावा आणि तो जात किंवा गरिबी पाहून नाकारला गेला तर अपील करावे. पण एका कुटुंबाची गरज आणि सगळ्या वस्तीचे धोरण या दोन गोष्टी आहेत. अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. शस्त्र आणि विष एकाच यादीत आहेत. आजचा आरोग्यविज्ञानाचा अभ्यास त्याच दोन वस्तूंपाशी येऊन थांबतो.

आर्णीत काय करता येईल?

*माहिती मागा.* यवतमाळच्या जिल्हाधिकारी कार्यालयात दहा रुपयांचे शुल्क भरून माहितीच्या अधिकारात अर्ज करा. आर्णी तालुक्यात चालू परवाने किती, त्यांत पीकसंरक्षणाचे किती, गेल्या पाच वर्षांत किती निलंबित किंवा रद्द झाले, नियम ३ खाली किती शस्त्रे जमा केली, अनुसूचित जाती-जमातींचे अर्ज किती आले व किती मंजूर झाले. व्यक्तींची नावे मागू नका, आकडे मागा. म्हणजे खासगीपणाचे कारण पुढे करता येणार नाही. उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे.

*समितीपुढे विषय न्या.* नियम १७ प्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व सनियंत्रण समिती असते आणि तिची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. उपविभागातही अशी समिती असते. गावात बहिष्कार, धमकी, जमिनीचा किंवा पुतळ्याचा वाद पेटला असेल तर लेखी निवेदनात नियम ३ चा उल्लेख करून क्षेत्र निश्चित करण्याची आणि शस्त्रे जमा करण्याची मागणी करा. निवेदनाची पोच घ्या.

*निवडणुकीचे उदाहरण द्या.* आर्णी विधानसभा लोकसभेला चंद्रपूर मतदारसंघात मोडते, पण शस्त्र परवान्यांचे काम यवतमाळचेच. प्रत्येक निवडणुकीत आचारसंहिता लागताच छाननी समिती बसते आणि परवानाधारकांची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा होतात. मतदान शांततेत व्हावे म्हणून जे काही दिवसांत जमते, ते तणावाच्या गावात का जमू नये, हा प्रश्न प्रत्येक निवेदनात असावा.

*कलम १७ वापरा.* घरात मारहाण होत असेल, परवानाधारक दारूच्या नशेत बंदूक दाखवत असेल, वरातीत गोळी झाडत असेल, तर पोलीस ठाण्यात तक्रार करा आणि त्याची प्रत परवाना रद्द करण्याच्या विनंतीसह जिल्हादंडाधिकाऱ्यांना पाठवा. परवानाधारक आपला असो की परका.

*बाटलीचाही हिशेब मागा.* फवारणीच्या हंगामापूर्वी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे विचारा : बंदी असलेली औषधे दुकानात आहेत का, मजुरांना संरक्षक कपडे मिळतात का. विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे या विषयाला द्या. विष घरात न साठवता लागेल तेवढेच आणावे, हे तिथे सांगता येईल.

*दोन क्रमांक प्रत्येक विहाराच्या फलकावर लिहा.* अत्याचाराची तक्रार आणि मदतीसाठी १४५६६. मनाची घालमेल होत असेल, जीव नकोसा वाटत असेल तर टेली-मानस १४४१६. दुसरा क्रमांक फोन करणाऱ्याचे नाव-गाव समाजात सांगत नाही. संकोच करू नका.

बंदुकीचा फोटो स्टेटसला ठेवून वस्ती सुरक्षित होत नाही. पोचपावती घेतलेले निवेदन, तीन महिन्यांनी समितीच्या इतिवृत्ताची मागणी आणि शस्त्रागारात जमा झालेली एक बंदूक, यांनी ती थोडी सुरक्षित होते. हे काम रटाळ आहे, त्याला टाळ्या मिळत नाहीत. पण ते आर्णीतला कोणताही दहावी पास तरुण करू शकतो, आणि या तिमाहीची बैठक अजून व्हायची असेल तर आजच सुरू करू शकतो.

जय भीम.